शेवटचा हुकूम कोणाचा?

यंत्राला तोंडावर ‘तू गप्प बस’ म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते नेमके माझे भावोजी निघाले. थोरल्या ताईचे यजमान. विमानात दोन वैमानिकांच्या मागे बसून इंजिनांवर नजर ठेवणारे फ्लाइट इंजिनिअर. एकोणीसशे नव्वद सालाच्या आसपास नवी विमानं आली, त्यांत खुर्च्या दोनच. तिसऱ्या माणसाचं काम कॉम्प्युटर करणार होता. भावोजी घरी बसले आणि जेसल पार्कमधल्या त्यांच्या बिल्डिंगच्या तमाम यंत्रांना साडेसाती लागली. टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हायची सोय त्यांनी काढून टाकली, का तर ‘बंद मी करीन’. आणि बसले गप्पा मारत. गच्चीवर वाळत घातलेले पापड तरंगायला लागले तेव्हा शेजारीण दारात येऊन म्हणाली, “भाईसाब, अब पापड का क्या करूँ?” भावोजी शांतपणे म्हणाले, “गलती मेरी है, मशीन की नहीं.” याचा त्यांना कोण अभिमान!

जेवायला बसलं की आमटीची वाटी विमान व्हायची. “समोर डोंगर आलाय. वैमानिक जीव खाऊन दांडा ओढतोय, आणि कॉम्प्युटर म्हणतोय, बस, याच्या वर नाक उचलू देणार नाही. आता बोल.”

“पण जास्त उचललं तर विमान कोसळतं ना?” मी मुद्दाम काडी टाकायचो.

“कोसळेल. पण शेवटचा हुकूम माणसाचाच हवा.”

“वाटी खाली ठेवा, आमटी सांडतेय,” ताई म्हणायची.

मग एकदा भाजी घेता घेता ते चक्कर येऊन पडले. हृदयाचे ठोके मध्येच थांबत होते. डॉक्टर म्हणाले, पेसमेकर बसवा, नाहीतर पुढच्या वेळी उठाल याची खात्री नाही.

“मी सांगितलं तर तो बंद होईल?”

“नाही.”

“मग नको.”

आम्ही हातापाया पडलो, पण गडी हलेना. ताईला अन्न गोड लागेना. शेवटी एका सकाळी चहा पुढे ठेवत ती एवढंच म्हणाली, “तुमच्या त्या विमानात नुसता वैमानिकच असतो का हो? मागे मी बसलेय.”

भावोजींनी चहा संपवला, चपला घातल्या आणि मला म्हणाले, “चल, डॉक्टरांकडे जाऊन येऊ.”

यंत्रांशी भांडण पुढेही बरीच वर्षं चाललं. छातीतल्या त्या डबीबद्दल मात्र त्यांनी चकार शब्द काढला नाही. आता ते नाहीत, आणि मला त्यांची फार आठवण येते. परवा ताई म्हणाली, “हट्टी माणूस. जन्मात माझं एकदाच ऐकलं. पण तेवढ्यावर माझा केवढा संसार झाला बघ.”