पाय ठेवण्यापुरता पूल

आमच्या उपनगराचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा लोकांना विचारून करणार, असं कळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. आज ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. निवृत्त झाल्यावर नाशिकच्या कडेला, द्राक्षबागा संपून प्लॉट सुरू होतात तिथं, घर बांधलं. कॉलनीच्या मागून नाला वाहतो आणि त्याच्या काठाला तेवीस घरांची वस्ती आहे. पेठ-सुरगाण्याकडून मजुरीला आलेली आणि इथंच राहिलेली ही माणसं. बायकांना बागेच्या कामावर नेणारी पिकअप सकाळी नाल्यापलीकडच्या रस्त्यावर थांबते. तिथवर जायचं तर नाला उतरून चढायचा. पावसाळ्यात दगड शेवाळतात. त्यावरून घसरून एकीचं मनगट मोडलं होतं.

सभा कॉलनीच्या हॉलमध्ये झाली. आराखड्याचं काम एका खासगी सल्लागार संस्थेला दिलं होतं आणि तिथली एक तरुण मुलगी सगळं समजावून सांगत होती. भिंतीवर भला मोठा नकाशा होता. ज्याला जिथं अडचण वाटते तिथं त्यानं लाल टिकली लावायची. कॉलनीतल्या लोकांनी पार्किंग आणि भटक्या कुत्र्यांच्या तक्रारींसाठी भराभर टिकल्या लावल्या. वस्तीतली एक बाई मात्र टिकली बोटावर घेऊन उभीच राहिली.

"लावा ना ताई," मी म्हणालो.

"कुठं लावू? ह्याच्यात आमची घरंच नाय."

खरंच नव्हती. नाल्याकाठी नुसता राखाडी रंग होता. मी त्या मुलीला म्हणालो, "मी काढून देतो नकाशा." ती लगेच हो म्हणाली.

मग चार रविवार मी आणि ती बाई नाल्याकाठी फिरलो. मी पावलं मोजायचो, ती सांगायची. घर न् घर काढलं, पाण्याचा नळ काढला, पुराचं पाणी कुठवर येतं ती रेघ काढली. पुलाची जागा तिनंच दाखवली.

"मोठा नको सर. आमची कुठं गाडी जायचीय? पाय ठेवण्यापुरता हवा, अन् धरायला दांडा."

मी सुबक अक्षरात 'पायी जाण्यासाठी पूल' असं लिहून नकाशा दिला. सल्लागारांकडची मुलगी खूश झाली. "सर, इतकं नेटकं काम आम्हाला कुणीच करून दिलं नाही," म्हणाली. आठवडाभर मी त्याच तोऱ्यात होतो, हे कबूल करायला हवं.

काही महिन्यांनी आराखड्याचा मसुदा नगररचना कार्यालयात लागला. मी भिंग घेऊनच बघायला गेलो. पूल होता, आणि अगदी तिनं दाखवलेल्या जागी होता. मग पुलाला येऊन मिळणाऱ्या दोन समांतर रेघा दिसल्या. अठरा मीटर रुंदीचा रस्ता, आणि तो थेट वस्तीवरून गेलेला. माझ्या हिशेबानं अकरा घरं त्यात जात होती. तिचं घर तिसरं.

मी तिथूनच त्या मुलीला फोन लावला.

"सर, तुमची मागणी मान्य झालीये की. पूल दिलाय."

"आम्ही पायी जायला मागितला होता."

"पूल दाखवला की जोडरस्ता दाखवावाच लागतो, सर."

"आणि घरं?"

"मूळ नकाशात तिथं घरं नाहीत."

"मी काढून दिली होती ना!"

"तुमचा नकाशा अधिकृत नाही ना, सर. पुलाची जागा तेवढी आम्ही त्यावरून घेतली."

माझ्या नकाशातली पुलाची जागा चालली, घरं चालली नाहीत!

संध्याकाळी वस्तीत जाऊन तिला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "नकाशा तुमीच काढला ना?" आणि आत निघून गेली. पुढचे तीन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. वस्तीतल्या पोरांनीही मला हाक मारणं सोडलं.

मग एक दिवस ती तेवीस घरांची लाइट बिलं घेऊन दारात उभी राहिली.

"हरकत लिहायचीय. मी सांगते तसंच लिहा. तुमचं काय घालू नका."

मी तसंच लिहिलं. दोनदा वाक्य नीट करायला हात शिवशिवला, तो आवरला.

सुनावणीला सगळ्यांनी मजुरी बुडवली. सकाळी दहाला जाऊन बसलो, चारला नंबर आला. अधिकाऱ्यांनी कागद चाळले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पुलाची मागणी तुमची आणि हरकतही तुमचीच? आधी काय हवंय ते ठरवा."

मी बोलायला तोंड उघडलं, तर तिनं माझ्या हाताला धरून थांबवलं.

"ठरल्यालं हाय, साहेब. नाला वलांडायला पूल पायजे. अन् वलांडायला आमी तिथं राह्यलो पायजे."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. कागदावर एक ओळ लिहून म्हणाले, "नोंद घेतली." पुढचा नंबर पुकारला गेला. सहा तास बसून आम्हाला दोन मिनिटंसुद्धा मिळाली नव्हती.

पुढं पत्र आलं, 'आपली हरकत अंशतः मान्य.' कोणता अंश? मी नगररचना कार्यालयाच्या खिडकीवर जाऊन विचारलं. "ते अंतिम नकाशातच दिसेल," असं उत्तर मिळालं. अंतिम नकाशा कधी, ते तिथं कुणालाच माहीत नव्हतं.

या पावसाळ्यात वस्तीतल्या माणसांनी विजेचा एक जुना सिमेंटचा खांब नाल्यावर आडवा टाकला. बायका डबे घेऊन एकामागे एक त्यावरून जातात. धरायला दांडा नाहीच. दर सोमवारी मी खिडकीवर जाऊन येतो. तिथला माणूस मला लांबूनच पाहून नकारार्थी मान हलवतो.

तिनं न्हाणीघरासाठी विटा आणल्यात. दाराशी रचून ठेवल्यात. "बांधू का सर?" असं तिनं परवा विचारलं. मला हो म्हणता आलं नाही, आणि नाहीही.