शेवटची गिरकी
हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा. पण ढोलकीच्या कातड्याचा वास आला की नगरमधली ती दुपार आठवतेच. मुलींच्या लोकनृत्याची जिल्हा स्पर्धा होती, पहिली येईल तिला पुढच्या फेरीसाठी पुण्याला जायचं होतं. शाळेचं पत्र्याचं सभागृह तापलेलं, पावडरीचा आणि गजऱ्यांचा वास कोंदलेला, आणि सगळ्यांच्या साथीला ढोलकीवाला एकच, मी. माझी भाचीही स्पर्धेत होती. बहीण चेष्टेत म्हणाली, "दादा, ढोलकी तुझ्या हातात असून पोरगी हरली, तर भाऊबीजेला येऊ नकोस!" तेवढ्यात अकोले तालुक्यातून एसटीनं आलेली एक मुलगी घुंगरं सावरत जवळ आली. "काका, माझी शेवटची गिरकी लांब हाय. लय वाढवू नका बरं." मी म्हणालो, "नाच तू बिनघोर." ती नाचायला लागली आणि भाचीचं काही खरं नाही, हे मला कळलं. शेवटच्या गिरकीला मी लय वाढवली, मुद्दाम. तिचा पाय अडखळला, ती गुडघ्यावर आली आणि पहिला नंबर भाचीला गेला. निघताना ती हरलेली मुलगी माझ्या पाया पडली. "माझंच चुकलं काका, तुमी लई चांगलं वाजवलं." आता ती टीव्हीवर मालिकेत दिसते, नाचाच्या कार्यक्रमातही. परवा मुलाखतीत म्हणाली, नगरला माझा पाय कच्चा पडला, म्हणून हरले. तिचा पाय कच्चा नव्हता, लय मी बिघडवली होती. एवढं तिला समोर जाऊन सांगण्याचं देणं माझ्याकडे अजून बाकी आहे.