आढ्याला टांगलेलं तवस

हळदीची पानं वाफेवर चढली की त्या वासानं मला मोखाड्याच्या आमच्या घरातली एक दिवाळी आठवते. आईनं सणासाठी राखलेलं भलंमोठं तवस, म्हणजे जून काकडी, आढ्याला टांगलं होतं. ते किसायचं, गूळ-पीठ घालून पानांत उकडायचं, हीच आमची दिवाळी. ठाण्याहून आलेला मामा नेमका त्याच्याखाली बसला, गुलाबजामांचा डबा उघडला आणि म्हणाला, "आता काकडी खायचं सोडा, लोक हसतात." तेवढ्यात दोरी तुटली आणि तवस धपकन डब्यात पडलं. मामाचा पांढरा शर्ट पाकानं भरला. सणानंतर बाबांना तोच ठाण्यात कामाला लावणार होता, म्हणून आम्ही सगळ्यांनी हसू दाबलं. आई मात्र पोट धरून हसली. "हसतेस काय?" मामा ओरडला. "हसू नाय तं का रडू, दादा? लोक हसतात, मंग आपुन का नाय हसायचं?" मग बाबाही हसले. ते काम हातचं गेलं. तवस आम्ही त्याच दिवशी उकडून खाल्लं. आज माझ्या ठाण्यातल्या घरी छताच्या हुकाला तवस टांगलंय. त्याच्या बरोबर खाली पाहुण्यांची खुर्ची आहे, आणि ती मी हलवणार नाही.