गुर्देवाला डॉक्टर

वाटेत मुंग्यांची रांग आली की दादा थांबायचा, नीट बघायचा आणि मग लांब पाऊल टाकून ती ओलांडायचा. केनवडला आमचं कापडाचं दुकान. घर जैनांचं, त्यामुळं जीव जपणं सगळ्यांच्याच अंगवळणी पडलेलं. पण दादाचं जरा जास्तच होतं. शाळेत बेडूक कापायची वेळ आली तेव्हा तो चक्कर येऊन पडला होता. हाच माझा थोरला भाऊ पुढं एकाचं मूत्रपिंड दुसऱ्याच्या पोटात बसवायला शिकला. मूत्रपिंड हा शब्द गावात कुणाच्या जिभेवर बसला नाही. लोक त्याला ‘गुर्देवाला डॉक्टर’ म्हणू लागले.

नागपूरला तो डॉक्टर झाला, सर्जरीही तिथंच शिकला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या एका इस्पितळात ही प्रत्यारोपणं नुकती सुरू होत होती. तिथं त्याला जागा मिळाली. काही महिन्यांनी घरी आला तो निम्मा होऊन. ताट पुढं ओढेना.

“आई, हे काम आधी कुत्र्यावर शिकावं लागते,” तो म्हणाला.

बाबा हात धुऊन उठले. “जीव घेऊन विद्या शिकतात काय?” एवढंच बोलले आणि दुकानात निघून गेले. पुढं वर्षभर ते त्याच्याशी कामापुरतंच बोलत.

आई मात्र बसून राहिली. “ते कुत्रं वाचते का मंग?”

“कधी वाचते, कधी नाई.”

“मंग पह्यले त्याले वाचवाले शिक.”

दादानं ते मनावर घेतलं. ऑपरेशन झालं की बाकीचे शिकाऊ डॉक्टर जेवायला जात. हा कुत्र्यापाशी बसे. चमच्यानं पाणी पाजायचा, लघवी किती झाली ते वहीत लिहायचा. सोबतचे हसायचे. पण टाका घातल्यानंतर काय काय बिघडतं, हे तिथंच त्याला उमजलं. “कापणं सोपं हाय वं,” तो मला म्हणायचा, “खरं काम टाका घातल्यावर सुरू होते.”

त्याची आणखी एक खोड होती. येत नसलं की सरळ “मले येत नाई” म्हणायचा. डॉक्टरच्या तोंडी हे वाक्य आमच्याकडं कुणी ऐकलं नव्हतं.

इंझोरीच्या शाळेतले एक तरुण मास्तर दोन्ही मूत्रपिंडं निकामी होऊन अंथरुणाला खिळले. दादा सुटीवर आलाय हे कळताच त्यांची आई एसटीनं केनवडला आली आणि थेट दुकानाच्या गादीवर बसली.

“माह्या लेकराले माहा गुर्दा बसते का?”

“तपासून पाहावं लागन. बसन कदाचित, पण टिकन का, ते मले सांगता येत नाई. तुमच्याबी जिवाले धोका हाय.”

“नऊ महिने तो माह्या पोटात टिकला,” बाई म्हणाली. “आता माहा तुकडा त्याच्या पोटात टिकन.”

बाबा कापड मोजत होते. त्यांचा गज तसाच थांबला.

तपासणीत तिचा गुर्दा जुळला. मुंबईतल्या त्या ऑपरेशनात इस्पितळातल्या मोठ्या सरांनी पहिल्यांदाच रक्तवाहिन्या दादाला जोडू दिल्या. त्याचं कार्ड आलं ते बाबांनी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं वाचलं. ‘रक्तवाहिन्यांवरचे चिमटे सोडले. पांढरा पडलेला गुर्दा गुलाबी झाला. मास्तरांना लघवी आली.’ लघवीचं कौतुक करताना मी बाबांना तेव्हाच पाहिलं. त्यांनी डोळे पुसले आणि दुकानातल्या सगळ्यांना चहा सांगितला.

रिठदच्या एका मुलीचं मात्र तसं झालं नाही. लहानपणापासून साखरेचा आजार. त्यानंच मूत्रपिंडं खाल्ली होती. “नवा गुर्दाबी ही साखर खाईन,” दादा म्हणाला. “तिले स्वादुपिंडबी पाह्यजे, अन् ते मले येत नाई.” तेव्हा ते इथं कुणालाच येत नव्हतं. त्या पावसाळ्यात ती गेली. मग दादानं ते शिकायला परदेशात अर्ज केला.

पुढं तो ते शिकून परतला, पुष्कळ शिष्य तयार केले. पण मला तो जास्त दिसतो परदेशी निघण्याच्या दिवशीचा. स्टँडवर निम्मं गाव. बाबांनी स्वतः बांधलेला फराळाचा डबा त्याच्या हातात. इंझोरीचे मास्तर आईला घेऊन निरोप द्यायला आले होते. सामान चढवायला गडी येईपर्यंत मास्तरांना धीर धरवला नाही. दादाची ट्रंक खांद्यावर घेऊन ते एसटीच्या शिडीनं सरसर टपावर चढले. आमचा शांत दादा खालून ओरडला, “ओ मास्तर, उतरा ना खाली! माह्या टाक्यायचा तरी इचार करा!”

मास्तरांची आई कमरेवर हात ठेवून वर बघत होती.

“चढू द्या, डॉक्टरसाहेब,” ती म्हणाली. “माहा गुर्दा हाय तो. शेतात राबलेला हाय.”