एकदम फिट सावंतकाका

"काका, कसे आहात?" असं सावंतकाकांना विचारायची सोयच नव्हती. लगेच छातीवर थाप मारून म्हणायचे, "एकदम फिट! माका काय होवचा आसा?" आखातात, रुवीतल्या आमच्या कंपनीत ते एसी दुरुस्तीचे फोरमन, मूळचे कुडाळचे. मी अकाउंट्समध्ये, पुण्याचा, म्हणजे शंका काढणं रक्तातच.

आम्ही एकाच फ्लॅटमध्ये राहायचो, त्यामुळे त्यांना डायबेटिस आहे हे मला लवकरच कळलं. पण अर्बाबसमोर, म्हणजे मालकासमोर, हा माणूस चहात तीन-तीन चमचे साखर घालून प्यायचा! का, तर कुणाला संशय यायला नको. "मेडिकलात नापास झालंय तर विसा खलास, मी घराक!" कंपनीचं इन्शुरन्स कार्ड पाकिटात कोरं करकरीत, आणि गोळ्या स्वतःच्या खिशातून, त्याही लांबच्या फार्मसीतून. मी चिडायचो. "अहो, फुकटचं कार्ड आहे!"

"कार्ड बोलता रे, कंपनीक सगळा सांगता," ते म्हणायचे.

साठी आली. नोकरीबरोबर कार्डही जाणार, आणि गावाकडे म्हाताऱ्यांसाठीचं सरकारी कार्ड मिळणार ते सत्तरीनंतर. मधल्या काळाचं काय?

"दहा वर्षां आजारीच पडूचंय नाय!"

शेवटी मीच त्यांना गावाकडच्या विमा एजंटसमोर व्हिडिओ कॉलवर बसवलं. काकूही कुडाळहून कॉलवर होत्या. आजार लपवलात तर ऐन वेळी क्लेम नाकारतील, हे मी दहादा बजावलं होतं.

"काही आजार?" एजंटने विचारलं.

काकांचा हात सवयीने छातीवर. "एकदम फिट!"

"खोटा कित्याक सांगतात?" काकू कडाडल्या. "मगे साखरेची गोळी कोण खाता, मी?"

काकांचे कान लाल झाले. हळूच म्हणाले, "शुगर आसा." एवढं बोलताना एसीतही त्यांना घाम फुटला. मला हसू येत होतं आणि गलबलूनही येत होतं. हप्ता वाढला, शुगरच्या उपचारांसाठी तीन वर्षं थांबायची अट आली, पण पॉलिसी मिळाली.

"तीन वर्षां शुगरीक सांगतंय, गप रव," काका म्हणाले.

ते कायमचे गावी निघाले, तेव्हा विमानतळावर सोडायला गेलो. ट्रॉलीवर बॅगा चढवताना सहज तोंडून गेलं, "काका, कसे आहात?"

हात छातीपर्यंत गेला आणि तसाच खाली आला.

"गुडघो दुकता रे," ते म्हणाले. "कंबर पण. आणि डाव्या डोळ्यान नीट दिसणा नाय."

रांग पुढे सरकत होती आणि काका एकेक दुखणं सांगत होते, अगदी खुशीत.