दारातल्या चपला आणि आमचे येरगीकर सर

सुधाकर येरगीकर सरांची आणि माझी पहिली भेट भांडणातून झाली, हे आधीच सांगून टाकते. सरांच्या या गौरवग्रंथात बाकीच्यांनी सरांना पाहताक्षणीच भारावून गेल्याचं लिहिलं असेल. मी भारावले नव्हते. मी डोक्यात राख घालून गेले होते.

नांदेडला आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून शाळेचं जुनं सभागृह आहे. सर तेव्हा त्या शाळेत भूगोल शिकवत, आणि सुट्टीत तिथं त्यांच्या नाट्यमंडळाच्या तालमी चालत. त्या उन्हाळ्यात दुपार झाली की धाड, धाड, धाड अशी दारं आपटायला सुरुवात. घरात सुनेचं तान्हं लेकरू पाळण्यात. ते दचकून उठायचं आणि घर डोक्यावर घ्यायचं. तेच लेकरू, माझी नात, आज मोठी होऊन मी सांगते तसं हे लिहून घेत आहे, मला लिहिता येत नाही म्हणून.

तर मी पदर खोचला आणि सभागृहात शिरले. "कोण मेला दारं मोडून राहिलाय?"

चष्मा कपाळावर चढवलेले एक गृहस्थ पुढं आले. हेच सर. रागावले नाहीत. म्हणाले, "मावशी, हा पोरगा चिडून घराबाहेर जातोय असं दाखवायचंय. पण दार आपटून पण चिडल्यासारखं वाटंना. तुम्ही सांगा, कसं आपटायचं?"

"आपटायचंच कामून?"

"पण आपटायचंच असलं तर?"

आता बघा, बाईच्या जातीनं दार कसं लावायचं? हळू. सासरा झोपलाय, हळू. पाहुणे आलेत, हळू. मी जन्मभर दारं हळू लावत आले होते. आणि माझी आई तर कामाला जायची त्या घरांच्या दाराबाहेरच उभी राहायची, आत जायचा प्रश्नच नव्हता. ते सगळं त्या घडीला माझ्या हातात आलं असावं. मी ते दार असं आपटलं की वरची धूळ सरांच्या चष्म्यावर पडली. मागं भिंतीपलीकडं लेकरू रडायला लागलं.

सर म्हणाले, "बरं."

एवढंच. सरांच्या मुखातून 'बरं' निघणं म्हणजे काय, ते मंडळातल्या लोकांना विचारा. काहीजण त्या एका शब्दासाठी म्हातारे झाले. मला तो पहिल्या दिवशी मिळाला, आणि सोबत सासूबाईचं काम.

नाटक होतं फ्रान्सच्या मुलखातलं, फार्स. म्हणजे खो खो हसायचं नाटक. एक वकील बायकोला थाप मारतो, थाप लपवायला एकाला या खोलीत कोंडतो, दुसऱ्याला त्या खोलीत, एक चिडलेला नवरा त्या लपलेल्यांना शोधत घुसतो, आणि नेमकी त्याच वेळी सासू येऊन टपकते. पॅरिसचा तो वकील सरांनी उचलून लातूरला औसा रोडवर बसवला. सरांना फ्रेंच येत नाही. इंग्रजीवरून त्यांनी ते आपल्या बोलीत आणलं. सगळा खेळ दारांचा. आणि सरांचा हट्ट असा की दारं कापडाची नकोत, खरी हवीत, कडीकोयंड्याची. म्हणून गावात कुणाचं घर पाडायला निघालं की सर टेम्पो घेऊन हजर.

आता आमची मंडळी कुठं चुकली ते सांगते. नाटकात ज्यानं त्यानं धावत आत घुसायचं. पण आमचा वकील धावत आला, दारापाशी थांबला, चपला काढल्या आणि मग आत घुसला. त्याच्या मागचा काढू लागला. मीही काढल्या. शाळामास्तर, बँकेतला कारकून, कंपाउंडर, सगळे उंबऱ्याशी आले की वाकायचे. सर ओरडायचे, "अरे, मागं नवरा लागलाय! चपला काय काढून राहिलास?" तो बिचारा म्हणायचा, "सर, घर हाय की ते." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाय ऐकतच नव्हते.

दुसरा कुणी असता तर त्यानं आम्हाला घरी पाठवलं असतं. सर दाराजवळ साठलेला तो चपलांचा ढीग बघत बसले आणि एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "अरे, हेच की नाटक! फ्रान्समध्ये माणूस लपला तर कुणाला कळत नाही. आपल्यात लपणार कसा? चपला बाहेर!"

तेव्हापासून आमच्या नाटकात माणसं लपतात आणि चपला चुगली करतात. वकील लपलेल्यांच्या चपला पायानं सरकवत फिरतो, चुकीच्या दारापुढं ठेवतो, आणि सासूबाई, म्हणजे मी, एकेक चप्पल उचलून विचारते, "जावईबापू, ह्या कुणाच्या?" कंधारला पहिला प्रयोग झाला तेव्हा नाटकातल्या नवऱ्याला काही दिसेना म्हणून पुढच्या रांगेतल्या एका आजोबांना राहवलं नाही. ते उभे राहून ओरडले, "अहो, चपला बघा की! तिसऱ्या दाराला!" सगळं मैदान पोट धरून हसलं. आजोबांना अजून वाटतं की त्यांनी सांगितलं म्हणूनच तो चोर सापडला.

पुढं लातूरच्या प्रयोगाला एक विद्वान पाहुणे आले होते. प्रयोगानंतर माईक हातात घेऊन त्यांनी सांगितलं की मूळ नाटकात पादत्राणं नाहीत, आणि ज्येष्ठ रंगकर्मींनी समाजापुढं असे थिल्लर विषय आणू नयेत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सर मात्र शांतपणे टाळ्या वाजवत होते. पाहुण्यांना निरोप द्यायला आम्ही मंचाच्या पायरीपर्यंत गेलो, तर त्या पाहुण्यांनी भाषणाला चढताना स्वतःच्या चपला तिथंच काढून ठेवल्या होत्या. सरांनी त्या उचलून त्यांच्या पायापुढं ठेवल्या आणि एक शब्द बोलले नाहीत. मी असते तर बोलले असते. पुष्कळ बोलले असते.

सरांचा एक मोठेपणा मात्र मला लई उशिरा कळला. सासूबाईचं काम दिलं तेव्हा मी म्हणाले होते, "सर, मला वाचता येत न्हाई." ते म्हणाले, "या नाटकात कुणालाच कागद मिळणार नाही. मी बोलणार, तुम्ही ऐकून पाठ करायचं." बाकीच्यांनी कुरकुर केली. बँकेतला कारकून तर म्हणाला, "सर, आम्ही काय पहिलीतली पोरं हाव का?" सर म्हणाले, "फार्स कानानं शिकायचा असतो. डोळे कागदात गेले की वेग गेला." सगळ्यांनी मान डोलावली. मलाही खरंच वाटलं. पुढं बरीच वर्षं गेल्यावर काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, भाजी निवडता निवडता सहज सांगितलं की त्याआधी प्रत्येक नाटकाला सर स्वतः बसून सगळ्यांना कागद वाटायचे. एकट्या माझ्याच हातात कागद नाही असं दिसू नये म्हणून त्यांनी सगळ्यांचेच कागद बंद केले. माझ्याशी याबद्दल ते आजवर बोललेले नाहीत. आता या ग्रंथात वाचतील आणि चष्मा कपाळावर चढवून "ह्या बाईला कुणी सांगितलं?" म्हणतील.

इथवर गौरव झाला. आता माझा राग ऐका.

सरांना पंचाहत्तर पूर्ण होत आहेत म्हणून सत्कार समिती स्थापन झाली. चांगलं झालं. समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब माझ्याकडं आले. म्हणाले, "मावशी, सरांवर दोन शब्द सांगा. पण त्या फार्साचं जरा कमी घ्या. सरांच्या गंभीर कार्यावर बोला." मी विचारलं, "सत्काराच्या दिवशी आमचं नाटक हाय ना?" तर म्हणे नाही. भाषणं आहेत, गायन आहे, मानपत्र आहे. "अमृतमहोत्सवात लोकांनी दारं आपटत पळापळ करणं शोभत नाही." आणि त्यापुढं, सरांना मंडळाचं 'मार्गदर्शक' करणार, तालमी दुसरे कुणी घेणार. सरांना आता विश्रांती.

विश्रांती कुणी मागितली? भाऊसाहेब, तुम्ही भले माणूस आहात, पण हा सत्कार आहे की सरांना उचलून फडताळावर ठेवणं आहे? शाल पांघरायची, नारळ हातात द्यायचा आणि वरून सांगायचं, आता तुम्ही गप बसा. ज्या माणसानं आयुष्यभर नांदेड, लातूर, अहमदपूर, नायगावच्या लोकांना हसवलं, त्याच्या सोहळ्यात हसायची बंदी? गंभीर कार्य म्हणता, तर मला त्या दारातून आत घेतलं ते गंभीर नव्हतं का? आणि ते दार फार्साचंच होतं.

मला जास्त राग सरांचा आला. ते या सगळ्याला 'हो' म्हणून बसले. तालमीला यायचे बंद झाले. मी घरी गेले तर काकू दारातच म्हणाल्या, "सर बाहेर गेलेत, मावशी."

मी खाली बघितलं. उंबऱ्याशी सरांच्या चपला. डाव्या अंगठ्याला शिवण घातलेल्या, त्या मी कुठंही ओळखीन.

"सर बाहेर गेलेत?"

"हो ना."

"अनवाणी?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. आतल्या खोलीचं दार किंचित हललं. एवढी वर्षं लोकांना शिकवलं की चपला चुगली करतात, आणि लपताना स्वतःच्याच विसरले! मी त्या चपला उचलल्या, पिशवीत घातल्या आणि सरळ सभागृहात आणून तालमीच्या दाराशी ठेवल्या.

थोड्या वेळानं सर आले. पायात काकूंच्या फुलाफुलांच्या चपला, टाचा निम्म्या बाहेर. सगळी मंडळी भिंतीकडं तोंड करून हसत होती.

"मावशी, चपला द्या."

"आत या, मग देते."

"मी भाऊसाहेबांना शब्द दिलाय."

"मग आत येऊन तसंच सांगा आमाला."

ते आत आले. तेवढ्यात नवीन वकिलानं दार लावलं, अगदी पाहुण्यांच्या घरचं लावावं तसं अलगद. सरांच्या कपाळावर आठी आली. त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा अलगद. सरांनी चष्मा वर चढवला.

"अरे, आपट! बायको मागं लागलीय तुझी! मावशी, दाखवा त्याला."

मी दाखवलं. सर म्हणाले, "बरं." मग त्यांनी खुर्ची ओढली आणि तालीम संपेपर्यंत उठले नाहीत. जाताना त्यांनी भाऊसाहेबांना फोन लावला. आमच्या सगळ्यांच्या देखत म्हणाले, "सत्कार घेतो, पण आधी नाटक. शाल तिसऱ्या दाराच्या खिळ्याला टांगून ठेवा, प्रयोग झाला की घेतो. आणि मार्गदर्शक म्हणून तुम्हीच राहा."

भाऊसाहेब, तुम्ही फोनवर "बघू" म्हणालात. आम्ही ते 'हो' धरून चाललो आहोत. दारं टेम्पोत चढली आहेत. आणि हा लेख छापताना मधलं काही गाळू नका. माझी नात छापलेलं मला वाचून दाखवणार आहे, आणि मी सांगितलेलं मला सगळं पाठ आहे.

सरांपेक्षा मी वयानं थोरली, म्हणून आशीर्वाद द्यायचा हक्क माझा. त्यांचे गुडघे धड राहोत, कान तिखट राहोत, काकूंचा त्यांच्यावरचा राग असाच खोटा राहो. त्या शिवलेल्या चपला तालमीला येऊन जाऊन झिजोत, मग नव्या येवोत, त्याही झिजोत. सरांच्या शंभरीलाही सासूबाईचं काम मीच करणार, ते दुसऱ्या कुणाला देऊ नये.

सोहळ्याला सगळ्यांनी यावं. भाऊसाहेब, तुम्हीही या. चपला दाराशी काढा, म्हंजे तुम्ही आत बसून हसून राहिलात ते आमाला बाहेरूनच कळंल.