ओच्यातल्या चार सात्या

त्या कुत्रेवाल्या म्हातारीचं आधी सांगते. नाव मला माहीत नाही. अंगात बाह्या विरलेला हिरवा कोट, हातात काठी, सोबत करड्या रंगाचा कुत्रा. तिचे माझ्यावर उपकार आहेत, माझ्या लेकीवर आहेत, आणि तेव्हा लेकीच्या पोटात सात महिन्यांचा असलेल्या माझ्या नातवावरही आहेत. सहावीत शाळा सुटलेली बाई मी, लिहायची सवय नाही. पण हे लिहून ठेवल्याशिवाय चैन पडणार नाही.

लेकीच्या बाळंतपणासाठी मी नागपूरहून इंग्लंडला गेले होते. तिचं गाव लहानसं, आणि गल्ली संपली की एकदम जंगल. पहिल्या दिवशी लेकीनं तिथं फिरायला नेलं तेव्हा मी फाटकाशीच थांबले.

"कोणाचं हाय हे?"

"कोणाचं नाही वं आई. कॉमन म्हणतात याले. सगळ्या गावाचं रान. कोणीबी या, कोणीबी फिरा."

"अन् नाकेदार?"

लेक हसली. "इथं नाही नाकेदार. चाल तू."

मला खरं वाटेना. माझं माहेर उमरेडकडचं, जंगलाच्या काठाला. आमच्याकडे नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा शिपाई. काड्या असोत, फळं असोत, वाटेत उभा राहून तो उतरवून घ्यायचा. म्हणून आईनं मला लहानपणीच शिकवलं होतं, अर्धं डोक्यावर ठेवायचं, अर्धं लुगड्याच्या ओच्यात खोचायचं. दिसतं ते त्याचं, दिसत नाही ते आपलं. शाळेत शिकलेलं सगळं विसरले, हे विसरले नाही.

त्यात लेकीला डोहाळे लागले ते सात्यांचे. पावसाळ्यात वारुळांवर पांढऱ्या छत्र्या उगवतात, त्या आमच्या सात्या. रस्सा केला तर मटणाच्या तोंडात मारेल असा. मी दुकानातले मशरूम आणून केले. तिनं एक घास खाल्ला आणि ताट सरकवलं.

"रबर हाय हे. आई, मले आपल्या सात्या खाव्याशा वाटून राहिल्या."

डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात, असं आमच्यात म्हणतात. परक्या मुलखात पोरीची एक इच्छा आपल्याला पुरवता येऊ नये, याचा माझ्या जिवाला घोर लागला.

आठ-दहा दिवसांनी, एका सकाळी, मी एकटीच रानात गेले. पानं पिवळी पडायला लागली होती. एका जुन्या, जाड बुंध्याच्या झाडाखाली पांढऱ्या छत्र्या उभ्या! आनंदानं माझ्या तोंडून आवाजच निघाला. टोपीवर हिरवट झाक होती. बुडाशी अंड्याच्या टरफलासारखी वाटी होती. आपल्या सात्यांना वाटी नसते, खाली लांब मूळ असतं. हे मला दिसलं. दिसलं, आणि मी म्हटलं, माती वेगळी, म्हणून रूप वेगळं. पिशवी भरली.

तेवढ्यात मागून कोणी ओरडलं. वळले तर ती म्हातारी, काठी उगारून "नो! नो!" करत येत होती. मला वाटलं, बघा, आलाच नाकेदार. बाईमाणूस आहे एवढंच. ती पिशवीकडे पोचायच्या आत माझ्या हातानं आपोआप काम केलं. कोटाखाली, साडीच्या ओच्यात, चार सात्या गेल्या. तिनं पिशवी हिसकून उलटी केली आणि बुटाखाली सगळ्याचा चेंदामेंदा केला. मला मिळू नयेत म्हणून एवढा आटापिटा, मी मनात म्हटलं. तोंडानं नुसतं "सॉरी, सॉरी" म्हणत राहिले.

मी निघाले तर ती मागोमाग. मी पाय उचलले, तिनंही उचलले. पोलिसात देते काय ही? लेकीच्या नोकरीचं काय होईल? ती थेट आमच्या दारापर्यंत आली. लेकीनं दार उघडलं आणि दोघी इंग्रजीत बोलू लागल्या. बोलता बोलता लेक भिंतीला टेकली. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"आई, तू खाल्ली का एखादी? चाखून पाहिली?"

"नाही वं. कच्ची कोण खाते?"

"विष हाय ते! शिजवलं तरी विष जात नाही. एक खाल्ली तरी माणूस जाते. पहिल्या दिवशी समजतबी नाही, अन् मंग लिव्हर सडते. सगळ्या फेकल्या नं हिनं?"

माझा हात पोटाशी गेला होता.

"आई?"

मी ओचा सोडला. चार छत्र्या पायपुसण्यावर पडल्या, पांढऱ्या, हिरवट झाकेच्या.

"काहून लपवल्या वं? काहून?" लेक ओरडली आणि तिथंच बसून रडायला लागली. "मले मारून टाकत होती तू!"

म्हातारीनं रागावून पाहिलंही नाही. कुत्र्याची घाण उचलायची पिशवी खिशातून काढली, हातात उलटी घालून चारही उचलल्या, गाठ मारली. मग माझं मनगट धरून मला नळाशी नेलं आणि लहान पोराचे धुवावेत तसे माझे हात साबणानं धुतले. नखांत ब्रश घालून घालून धुतले.  

नागपूरला मालकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "नाकेदाराले फसवता फसवता यमाले घरी घेऊन चालली होती तू." 

त्या दिवशी म्हातारीला थँक्यू म्हणायचं राहिलं. तो शब्द मला येत होता, तरी राहिलं. नंतर तीनदा फाटकाशी जाऊन उभी राहिले, पण ती भेटली नाही. नातू झाला, व्हिसा संपला, मी परत आले. लेकीला ती अजून दिसते, एकटीच असते म्हणे. मी लेकीला सांगून ठेवलं आहे, तिला तिच्या भाषेत सांग. बाई, कधी अंथरुणाला खिळलीस, पाणी द्यायला कोणी नसलं, तर नागपूरला निरोप धाड. मी येईन. मला बोलता येवो न येवो, तुझं न्हाणं-धुणं, खाणं-पिणं सगळं मी करीन.